‘नॅनो’चा शिक्का नको, तपासणीचा कागद दाखवा

कापडाच्या बाजारात गेल्या पंधरा-वीस वर्षांत जे नवे शब्द आले, त्यांत ‘नॅनो’ या शब्दाइतका भाव दुसऱ्या कोणत्याही शब्दाने खाल्ला नसेल. शर्टिंगवर नॅनो, पावसाळी जाकिटावर नॅनो, मोज्यांवर नॅनो, आता तर शाळेच्या गणवेशाच्या कापडावरही नॅनो. टाटांची छोटी मोटार जानेवारी २००८ मध्ये लोकांपुढे आली तेव्हा हा शब्द खेड्यातल्या माणसालाही पाठ झाला. २०१८ नंतर ती मोटार बनली नाही. शब्द मात्र ताग्यांवर आणि खोक्यांवर राहिला. प्रश्न असा आहे की, या शब्दापायी ताग्यामागे आपण जे जादा पैसे मोजतो ते नेमके कशाचे? आणि त्यातले किती पैसे भिवंडीच्या मागवाल्याच्या किंवा मुरबाड-शहापूरच्या दुकानदाराच्या गल्ल्यात पडतात?

प्रथम ही चीज काय आहे ते पाहू, कारण विकणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ते सांगता येते. एका मीटरचे शंभर कोटी भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. कापसाचा एकच तंतू घेतला, सूत नव्हे, नुसता तंतू, तर त्याची जाडी बारा ते वीस हजार नॅनोमीटर भरते. एकापासून शंभर नॅनोमीटरपर्यंतच्या मापाचे कण किंवा थर वापरून जे काम होते त्याला नॅनो तंत्रज्ञान म्हणतात. उर्दू माध्यमाच्या शाळेत आम्हाला अणूला ‘जौहर’ म्हणायला शिकवले होते. पारखणारा तो जौहरी. या धंद्यात जौहर विकणारे पुष्कळ झाले आहेत, जौहरी मात्र शोधावा लागतो.

मराठीत ‘अळवावरचे पाणी’ असे आपण सहज म्हणतो. पावसाळ्यात सिद्धगडाच्या पायथ्याशी नारिवली-उचल्याच्या बाजूला ओढ्याकाठी रानअळू माजते, त्याच्या पानावर पाणी टाकून पाहा. थेंब मोत्यासारखा गोल होतो आणि जाताना धूळही घेऊन जातो. पान चिकट नाही, तेलकटही नाही, मग असे का होते? जर्मनीतील बॉन विद्यापीठाचे वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म बार्थलॉट यांनी कमळाच्या पानावर हेच पाहिले आणि १९९७ मध्ये त्याचा खुलासा प्रसिद्ध केला. पानावर डोळ्यांना न दिसणारे उंचवटे असतात, त्यांवर मेणाचे अतिसूक्ष्म स्फटिक असतात. थेंब त्यांच्या टोकांवर टेकतो आणि खाली हवा राहते. अळूचे पानही याच जातीचे. कापडावर पाणी टिकू न देणाऱ्या बऱ्याच ‘नॅनो’ फिनिशांची कल्पना या पानावरूनच उचललेली आहे.

दुसरे उदाहरण आपल्याच बाजारातले आहे. मुरबाड तालुक्यातल्या म्हशाच्या जत्रेत पौष पौर्णिमेपासून गुरांच्या बाजाराबरोबर घोंगड्यांचाही बाजार भरतो. घोंगडी डोक्यावर घेऊन रिमझिम पावसात बैल हाकणारा माणूस लवकर भिजत नाही, हे आपण लहानपणापासून पाहिले आहे. याचे कारण लोकरीच्या तंतूवर निसर्गानेच चरबीजन्य पदार्थाचा एक थर घट्ट बांधून दिलेला असतो आणि त्याची जाडी सुमारे एक नॅनोमीटर असते. म्हणजे कारखान्यात जे करण्यासाठी लाखोंची यंत्रे लागतात ते मेंढीच्या अंगावर फुकट होते. मुसळधार सरीत मात्र घोंगडीही भिजते, जड होते, आणि वाळायला दोन दिवस घेते. हे घोंगडी विकणारा कधी लपवत नाही. म्हशाच्या बाजारात त्याला ‘वॉटरप्रूफ’ म्हणताना मी कोणाला ऐकलेले नाही.

आपल्या कारागिरांच्या इतिहासात या गोष्टी नव्या नाहीत. नवव्या शतकात अब्बासी काळच्या इराकमध्ये कुंभारांनी जी सोनेरी झळाळीची भांडी बनवली, त्यांच्या झिलईत चांदी आणि तांब्याचे नॅनो मापाचे कण आज सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. हिंदुस्तानी पोलादापासून घडलेल्या दमिश्की तलवारीच्या पात्यात कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या सापडल्याचे ड्रेस्डेनच्या शास्त्रज्ञांनी २००६ मध्ये जाहीर केले. सभांमध्ये हे सांगितले की टाळ्या पडतात. परंतु त्या कारागिरांच्या नावाने आज एक मीटर कापडही खपत नाही. त्यांना आपल्या भट्टीचा ताव माहीत होता. आपल्याला आपल्या मालाचा ताव माहीत आहे काय, हा खरा सवाल आहे.

आता धंद्याकडे येऊ. या क्षेत्रात कमाई कोण करतो ते नीट पाहिले पाहिजे. पहिला कमावतो तो रसायनाचा नुस्खा ज्याच्याकडे आहे तो. १९९८ मध्ये डेव्हिड सोन या रसायनशास्त्रज्ञाने कॅलिफोर्नियात ‘नॅनो-टेक्स’ नावाची कंपनी काढली. ती स्वतः कापड विणत नव्हती. कापडावर डाग आणि पाणी न टिकू देणाऱ्या फिनिशची विद्या ती गिरण्यांना परवान्याने देत असे. गिरणी तिची, कामगार तिचे, वीजबिल तिचे आणि परवान्याचे पैसे नुस्खेवाल्याला. दुसरा कमावतो प्रोसेस हाऊसवाला. कापड द्रावणात बुडवायचे, रुळांमधून पिळायचे, वाळवायचे आणि मग दीडशे अंशांच्या वर तापवून तो पदार्थ तंतूवर पक्का बसवायचा, हे त्याचे काम. तिसरी कमावते प्रयोगशाळा, जी नमुना तपासते किंवा पैसे घेऊन एखाद्यासाठी नवे फिनिश तयार करून देते. आपला मागवाला या तिघांच्याही खाली उभा आहे. तो आजही पिकामागे काही पैसे या हिशेबाने मजुरीवर ग्रे कापड विणतो. ग्रे माल डोंबिवली, तारापूर, सुरत असा जातो, तिथे त्याला रंग, फिनिश आणि नाव मिळते, आणि वाढलेली किंमत तिथेच राहते. २०१६ ची नोटाबंदी, २०१७ चा जीएसटी आणि २०२० ची टाळेबंदी यांत भिवंडीचे कित्येक माग भंगारात गेले. त्यामुळे ‘नॅनो हा मोठ्या लोकांचा विषय, आपल्याला काय त्याचे’ असे म्हणून चालणार नाही. नफा जिथे सरकला आहे तिथे आपली नजर तरी पोहोचली पाहिजे.

हिंदुस्तान सरकारने २००७ मध्ये ‘नॅनो मिशन’ सुरू केले तेव्हा पाच वर्षांसाठी एक हजार कोटी रुपये मंजूर झाले होते. फेब्रुवारी २०२० मध्ये तांत्रिक वस्त्रांसाठी १४८० कोटींचे राष्ट्रीय मिशन मंजूर झाले. हा पैसा बहुतांशी विद्यापीठे आणि संशोधन संस्थांकडे जातो, यंत्रे घेतली जातात, आणि पुढे तीच यंत्रे दर आकारून बाहेरच्यांनाही वापरायला मिळतात. कर आपणही भरतो. मग त्या दारावर आपल्या लोकांची रांग का दिसत नाही?

त्या दाराकडे जाण्यापूर्वी फसवणुकीचा भाग सांगणे भाग आहे, कारण तपासणीची गरज तिथूनच निर्माण होते.

चांदीचे सूक्ष्म कण जंतू मारतात, हे खरे आहे. म्हणून घामाचा वास येऊ नये यासाठी मोज्यांत आणि बनियनीत ते घालतात. २००८ मध्ये अमेरिकेतील ॲरिझोना स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी बाजारातले असे मोजे विकत आणले आणि पाण्यात खळबळून धुतले. काही मोज्यांतली जवळजवळ सगळी चांदी चार धुण्यांत पाण्याबरोबर गेली, काहींतली टिकली. विकताना मात्र सगळे मोजे सारखेच ‘नॅनो सिल्व्हर’ होते. याचा अर्थ कण होते, दावा खोटा नव्हता, परंतु बसवण्याची कारागिरी कोणाची चांगली आणि कोणाची कच्ची हे गिऱ्हाइकाला कळायला मार्ग नव्हता. आपल्याकडेही हाच रोग आहे. इंधन वाचवण्यासाठी तापवण्याचा वेळ किंवा ताव कमी केला की फिनिश वरवर बसते. दुकानात थेंब सुंदर घरंगळतो आणि चौथ्या धुण्याला कापड टॉवेलसारखे पाणी पिते.

दुसरा भाग याहून नाजूक आहे. ‘नॅनो’ म्हणून विकले जाणारे पाणीरोधक फिनिश पुष्कळदा फ्लोरिनयुक्त रसायनांचे असते. ही रसायने निसर्गात मोडत नाहीत, पाण्यात आणि माणसाच्या रक्तात साचतात. त्यांच्यापैकी पीएफओए हे रसायन २०१९ मध्ये स्टॉकहोम कराराच्या प्रतिबंधित यादीत गेले. कॅलिफोर्नियाने जानेवारी २०२५ पासून कापडातल्या या वर्गाच्या रसायनांवर बंदी घातली, आणि फ्रान्सने २०२५ मध्ये कायदा करून कपड्यांसाठी १ जानेवारी २०२६ ही तारीख ठरवली. उद्या आपला एखादा भाऊ निर्यातदाराला माल देईल आणि तो माल तिथल्या बंदरात अडकेल, तेव्हा ‘मला केमिकलवाल्याने नॅनो म्हणून दिले होते’ हे उत्तर कोणी ऐकून घेणार नाही. देशातही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली खोट्या जाहिरातीसाठी माल बनवणाऱ्याला दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो आणि व्यापाऱ्यालाही ती जाहिरात बंद करण्याचा हुकूम निघू शकतो.

कायदा दूर ठेवू. प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जाताना धान्याच्या राशीत हात घालून पाहतात, आतले धान्य ओले निघते, आणि विक्रेत्याला ते विचारतात की ओला माल वर का ठेवला नाहीस, हा प्रसंग आपल्या प्रत्येक व्यापाऱ्याला तोंडपाठ आहे. त्या विक्रेत्याने सबब सांगितली होती की पाऊस पडला. आपल्या धंद्यात वरचा थर कोरडा आणि आतला ओला असा माल आजकाल मीटरवर विकला जातो, एवढाच फरक. माल मी बनवला नाही, मी फक्त विकला, ही सबब हिशेबाच्या दिवशी चालेल काय, हे ज्याने त्याने ठरवावे.

काही दिवसांपूर्वी एक सेल्समन ‘नॅनो’ रेनकोटाचे कापड घेऊन माझ्याकडे आला. मी कागद मागितला तर म्हणाला, “सेठ, कागद कशाला, पाणी ओतून बघा ना!” आणि त्याने स्वतःच माझ्या काउंटरवर पेलाभर पाणी ओतले. पाणी घरंगळून माझ्या बिलबुकावर गेले. मी म्हटले, “भाई, हाच तुकडा साबणाने दहा वेळा धुऊन आण, मग ओत.” तो हसत नमुना गुंडाळून गेला. पुन्हा आला नाही. त्याच्या कंपनीचे नाव इथे लिहिण्याची गरज नाही, कारण असे सेल्समन तुमच्याकडेही येत असतील.

पेलाभर पाणी ओतणे ही परीक्षा नव्हे. खरी स्प्रे टेस्ट कशी असते ते ऐका. कापड कडीत ताणून पंचेचाळीस अंशांच्या उतारावर धरतात, पंधरा सेंटिमीटर उंचीवरून ठरलेल्या चाळणीतून २५० मिलिलिटर पाणी सोडतात, आणि मग कापड किती ओले झाले ते प्रमाण चित्रांशी ताडून गुण देतात. शंभर म्हणजे वरून अजिबात ओले नाही, पन्नास म्हणजे वरची सगळी बाजू भिजली, शून्य म्हणजे आरपार. हीच परीक्षा धुण्याआधी आणि दहा-वीस धुण्यांनंतर केली की कापडाची लायकी कागदावर येते. जंतूरोधक मालासाठी वेगळी परीक्षा आहे, तिला जास्त दिवस आणि जास्त पैसे लागतात. साध्या स्प्रे टेस्टला एका ताग्याच्या किमतीएवढेही पैसे लागत नाहीत.

हे सारे कुठे होते? आपल्या भागातल्या लोकांना नवल वाटेल, परंतु या देशातल्या कापड-संशोधनाच्या नामांकित संस्था मध्य रेल्वेच्या एकाच लाइनीवर आहेत. शहापूरकराने आसनगावला लोकल पकडावी, मुरबाडकराने एसटीने कल्याण गाठावे. ठाण्याला उतरले की कोलशेत रोडवर वूल रिसर्च असोसिएशन आहे. लोकरीसाठी निघालेल्या या संस्थेकडे आता खेळाच्या कापडाचे केंद्रही आहे. घाटकोपर पश्चिमेला ‘बिट्रा’, म्हणजे बॉम्बे टेक्स्टाइल रिसर्च असोसिएशन, १९५४ पासून आहे. कांजूरमार्गला उतरून पवईला गेले की आयआयटी. तिथे सरकारी खर्चाने उभारलेला यंत्रविभाग आहे आणि नॅनो मापाचे कण खरेच आहेत की नाहीत हे दाखवणारे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक बाहेरच्या माणसालाही दर भरून वापरता येतात. पुढे माटुंग्यात तर तीन घरे जवळजवळ आहेत. एक व्हीजेटीआय. दुसरे १९३३ मध्ये यूडीसीटी म्हणून सुरू झालेले आणि आता आयसीटी म्हणून ओळखले जाणारे रसायन तंत्रज्ञानाचे विद्यापीठ, जिथे रंगाई-फिनिशचा स्वतंत्र विभाग आहे. तिसरे ‘सिरकॉट’, कापसावरील केंद्रीय संशोधन संस्था, जिला २०२४ मध्ये शंभर वर्षे झाली. सिरकॉटमध्ये २०१५ पासून कापसाच्या टाकाऊ आखूड तंतूंपासून नॅनोसेल्युलोज बनवण्याचा प्रायोगिक कारखाना आहे. जिनिंगवाल्याच्या झाडूखाली जाणाऱ्या मालातून कागद, प्लास्टिक, रंग यांना मजबुती देणारा पदार्थ निघतो, हे आपल्या सूत-कचऱ्याच्या व्यापाऱ्यांनी एकदा डोळ्यांनी पाहून यावे. दादरहून वरळीला गेले की ‘सस्मिरा’, सिंथेटिक आणि आर्ट सिल्क कापडासाठी १९५० मध्ये स्थापन झालेली. तिच्याकडे शेतीच्या कापडाचे, म्हणजे जाळ्या, आच्छादने यांचे केंद्र आहे. मुरबाड-शहापूरचे भाजीवाले शेतकरी ज्या शेडनेटा विकत घेतात, त्यांत आपल्या मागवाल्याने हात घालायचा असेल तर सुरुवात तिथून होते.

या सर्वांची यंत्रे कोठे आहेत ते पाहण्यासाठी सरकारने २०२० मध्ये ‘आय-स्टेम’ नावाची सोय इंटरनेटवर केली आहे. ज्याच्या घरी कॉलेजात जाणारा मुलगा किंवा मुलगी आहे त्याला ती दहा मिनिटांत कळेल.

संस्थांचीही तक्रार आहेच. फॉर्म इंग्रजीत, अहवाल इंग्रजीत, बोलणे इंग्रजीत. लहान माणूस दारात गेला की त्याला आधी विचारतात, तुमची गिरणी कोणती? अहवालात आकडा असतो, त्याचा अर्थ धंद्यासाठी काय, हे सांगणारा कोणी नसतो. ज्या संस्था गिरण्यांच्या वर्गणीतून उभ्या राहिल्या त्यांच्या मुंबईतल्या बहुतेक गिरण्या तर केव्हाच बंद झाल्या. आता कापड विणतो आहे तो भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीचा मागवाला. संशोधनाचे खरे गिऱ्हाईक तोच आहे आणि त्याच्याशी त्याच्या भाषेत, मराठीत-उर्दूत, बोलणारा एक माणूस प्रत्येक संस्थेने काउंटरवर बसवला पाहिजे. ही मेहरबानी मागत नाही. दर भरतो तो गिऱ्हाईक असतो.

आपल्या बाजूचीही एक गोष्ट बोलून टाकतो. भिवंडीत आणि आसपास आपल्या शिक्षणसंस्था आहेत, आपल्या मुली विज्ञान घेऊन पदवीधर होत आहेत. त्यांतल्या किती जणींना कोणा मागवाल्याने किंवा कापडवाल्याने विचारले की, बेटी, हा अहवाल वाचून सांग, महिन्याला इतके देतो? लग्नाच्या मंडपावर एका रात्रीत जो खर्च होतो त्यात पाच मागवाल्यांना मिळून वर्षभर असा एक पदवीधर ठेवता येतो. मोठी कंपनी स्वतःचे संशोधन करते. लहान माणसाने ते विकत घ्यावे, आणि तेही एकट्याने घेऊ नये. दहा मागवाले मिळून एखाद्या संस्थेला सांगू शकतात की, आमच्या अमुक जातीच्या कापडावर फ्लोरिन नसलेले पाणीरोधक फिनिश बसवून द्या, वीस धुण्यांनंतर स्प्रे टेस्टला ऐंशी गुण हवेत, खर्च मीटरमागे इतक्याच्या आत. सौद्याची ही भाषा आपल्याला चांगली येते. यार्नवाल्याशी आपण हेच बोलतो.

पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी थोडे व्यवहाराचे. नमुना सेल्समनने दिलेला घेऊ नका, आपल्या दुकानात आलेल्या ताग्यातून स्वतः कापा. अहवालाखाली लिहिलेलेच असते की हा निकाल फक्त दिलेल्या नमुन्यापुरता आहे, आणि याच ओळीच्या आडून एका चांगल्या तुकड्याच्या अहवालावर शंभर वाईट तागे विकले जातात. तुकड्यावर उलटी-सुलटी बाजू आणि ताण्याची दिशा पेनने खूण करून द्या. कापड किती लागेल ते फोनवर आधी विचारा. फॉर्मवर ‘धुण्यापूर्वी’ आणि ‘दहा धुण्यांनंतर’ अशा दोन्ही परीक्षा लिहा, नाहीतर ते फक्त पहिलीच करतील. अहवालावर एनएबीएलचे चिन्ह आहे का, आणि ती विशिष्ट परीक्षा त्या मान्यतेत बसते का, हे विचारून घ्या. जीएसटी क्रमांक बरोबर ठेवा. आणि उरलेला अर्धा तुकडा ताग्याच्या नंबरासह दुकानातच जपून ठेवा, पुढे वाद झाला तर तो लागेल.